देखरेख असावी, पण खुर्ची रिकामी नसावी



राजधानीच्या शहराचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा वाद जुना आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हिला १९७३ च्या कायद्याने स्वतःचे निवडून दिलेले मंडळ मिळाले. पण त्याने केलेले कायदे तेथील संसदेपुढे ठेवावे लागतात, आणि २०२३ साली संसदेने त्यांतला एक कायदा रद्दही केला. आपल्या दिल्लीस १९९१ च्या घटनादुरुस्तीने विधानसभा मिळाली, तरी पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले. अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा अधिकार लोकनियुक्त सरकारचा, असे घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी सांगितले. आठच दिवसांत वटहुकूम निघाला व ऑगस्टमध्ये संसदेने निराळा कायदा केला.

दिल्ली दूर आहे, असे कोणी म्हणेल. पण वरच्याने खालच्यावर किती देखरेख करावी, हा प्रश्न आपल्या वेशीच्या आतही आहे. आपल्या गावात १८५२ साली नगरपालिका आली, १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. महापालिकेचा ठराव तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारला दिला आहे. यात आम्हांस गैर काही दिसत नाही. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे हिशेब दरसाल निबंधकाकडे जातात; चूक सापडली तर तो जाब विचारतो, नोंदणीही रद्द करू शकतो. परंतु निबंधक सरचिटणिसाच्या खुर्चीवर येऊन बसत नाही, आणि सभासदांची सभा भरवू नका असेही सांगत नाही.

पनवेलात मात्र जुलै २०२२ मध्ये ७८ नगरसेवकांची मुदत संपली आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधानाचे २४३-यू कलम सांगते. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिला, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेतीन वर्षे प्रशासकांची! अंदाजपत्रक मांडायचे त्यांनीच, मंजूर करायचे त्यांनीच. खारघर-कामोठ्याचा रहिवासी मालमत्ता कराचे बिल हाती घेऊन उभा. सिडकोला सेवाशुल्क भरले, मग मागच्या वर्षांचा हा कर कशाचा, असे सभागृहात विचारणारा त्याचा माणूसच नव्हता. अधिकारी प्रामाणिक असेल, कार्यक्षमही असेल. पण त्याला पुढच्या निवडणुकीत घरी पाठविण्याची सोय मतदाराकडे नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. वरच्याने ठराव अडवावा, पण कारण लेखी द्यावे व मुदत बांधून द्यावी. मतदाराची जागा मात्र त्याने घेऊ नये. आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. त्यांची सभा भरेल त्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर जाऊन बसा. सर्वांत जवळची देखरेख ती आहे, आणि ती करण्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.