तंबोऱ्याचे दुखणे आणि त्याचा उपाय
(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त मुरुड येथील व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवा रंग, नवी फरशी आणि नवा कळस नव्हे. जुन्यातले काय काढावे आणि काय जपावे, हा विवेक म्हणजे जीर्णोद्धार. भिंतीला तडा गेला म्हणून कोणी देऊळ टाकून देत नाही. पण ज्या वीणेने आणि तंबोऱ्याने देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली, ते वाद्य मात्र ‘खरखर करते’ एवढ्याच कारणाने माळ्यावर जाते आणि उंदरांच्या स्वाधीन होते. आजच्या मंगल प्रसंगी या मुक्या सेवेकऱ्याच्या दुखण्याचा विचार होणे योग्य ठरेल.

हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. सात दिवस, म्हणजे १६८ तास, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारा बदलताना धक्का लागतो, तारेवर घाम उतरतो, खुंटी फिरते. उन्हाळ्यात लाकूड आटते, पावसाळ्यात फुगते. अशा वाद्याने वर्षा-दोन वर्षांत तक्रार केली तर त्यात नवल नाही. प्रश्न एवढाच, की तक्रार नेमकी कोठे आहे हे ओळखायचे कसे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तंबोऱ्यात गुंजन असावेच लागते. तार घोडीच्या टोकावर टेकत नाही, तर किंचित उतरत्या, गोलसर माथ्यावर टेकते. तार हलते तेव्हा ती त्या माथ्याला लहान लहान स्पर्श करीत राहते आणि त्यातून मुख्य स्वराबरोबर अनेक उपस्वर झंकारतात. यालाच जवारी म्हणतात. तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जुळवतात. थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांची हालचाल शून्य असते, ते उपस्वर एरवी उमटत नाहीत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, आणि ही करामत त्या घोडीच्या माथ्याची आहे, असे त्यांनी दाखविले. म्हणून ‘झणझणते ते वाईट’ असे समजून कोणी घोडीखाली कापूस कोंबला, तर तो वाद्याचा गळाच दाबतो. गोड, लांबत जाणारे गुंजन ही जवारी. मध्येच चरचरणारा, पत्रा हलल्यासारखा आवाज हा रोग.

रोगाची परीक्षा क्रमाने करावी. पहिली पायरी वाद्याला हातही न लावण्याची. ध्वनिक्षेपक बंद करावा. पुष्कळदा वाद्य निर्दोष असते आणि घुमघुम विजेच्या जोडणीची असते. दुसरी पायरी, वाद्य सभामंडपातून बाहेर आणून पारावर किंवा झाडाखाली वाजवावे. नव्या मंडपात काचेची तावदाने असतात, समया, ताटे, पत्रे असतात. त्यांतली एखादी वस्तू तंबोऱ्याच्या स्वराशी जुळून आपणच थरथरू लागते. बाहेर आवाज स्वच्छ आला तर दोष मंडपात आहे, वाद्यात नाही. जीर्णोद्धारानंतर अशी तक्रार अनेक देवळांत निघते आणि दोष बिचाऱ्या वीणेच्या माथी येतो.

बाहेरही खरखर राहिली तर तिसरी पायरी. तीन तारा बोटांनी धरून एकच तार छेडावी, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. खरखर एकाच तारेची आहे की सगळ्यांची, या एका प्रश्नाने अर्धे निदान होते.

एकाच तारेची असेल तर दोष त्या तारेच्या वाटेवर शोधावा. तार गंजली किंवा मुरगळली आहे काय? ती बदलावी. जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी, ही अदलाबदल करू नये. वरच्या पट्टीच्या खाचेत तार नीट बसली आहे काय? खुंटीपाशी तारेचे मोकळे टोक दांडीला लागते काय? घोडीखालचा मणी तबलीला टेकून टकटकतो काय? आणि शेवटी दोरा. तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवीत कान देऊन ऐकावे. एका जागी आवाज एकदम उमलतो. तेथेच थांबावे. घरच्या घरी होणारी दुरुस्ती बहुतेक एवढीच असते, आणि तिला एका दोऱ्यापलीकडे खर्च नाही.

सगळ्या तारांवर खरखर असेल तर दोष अंगात आहे. एकाने तारा छेडीत राहावे आणि दुसऱ्याने वाद्याच्या एकेका भागावर हलके बोट दाबीत जावे: तबलीची कड, दांडीचा सांधा, नक्षीची पट्टी, खुंट्या. बोट ठेवताच जेथे आवाज थांबतो, तेथे काहीतरी सुटलेले आहे. भोपळा तपासण्याची रीत तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मडके घेताना जशी टिचकी मारून पाहतात तशी मारावी. अखंड भोपळा भरदार बोलतो, चिरलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलतो. चीर लहान असता सांधता येते. तशीच वाजवीत राहिल्यास वाढत जाते.

खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावावा, तेल कदापि घालू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. वर्षानुवर्षे तार एकाच जागी घासून घोडीच्या माथ्यावर बारीक खाच पडते. मग दोरा कोठेही सरकवला तरी आवाज उमलत नाही. येथे घरगुती उपाय संपला. पुष्कळ ठिकाणी कोणी हौशी माणूस पुढे होतो, कानस घेतो आणि घोडी घासतो. घासलेला माथा परत येत नाही. जवारी काढणारा कारागीर तार उतरवतो, थोडे घासतो, पुन्हा तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. असे कितीतरी वेळा करतो. तेथे हातापेक्षा कान अधिक काम करतो, आणि तो कान एका दिवसात तयार होत नाही.

असे कान मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगतात. तलवारींचे दिवस सरले, पण हातातली कसबी धार वाया गेली नाही. ती स्वराकडे वळली. पुढे वंशजांना सतारमेकर हेच नाव पडले. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. वाद्यांच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. १९३७ साली ते निवर्तले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले.

यात आपल्या भागाचाही धागा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. बार्शी लाईट रेल्वे १९११ साली लातूरपर्यंत आली आणि १९२७ साली पंढरपुराहून पुढे मिरजेस पोचली. लातूरकडून निघालेली ती छोटी गाडी बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत मिरजेपर्यंतचा मार्ग जोडीत असे. तो अरुंद रूळ आता इतिहासजमा झाला, पण वाट तीच आहे. आणि गंमत पाहा: कडू भोपळा तीर्थात बुडविला तरी कडूच राहतो, असा दाखला कीर्तनात नेहमी देतात. तोच कडू भोपळा वाळून, मुसलमान कारागिराच्या हातून घडून, विठ्ठलाच्या दारी येतो आणि सर्वांआधी गोड बोलतो.

आज खिशातल्या फोनवरही तंबोऱ्याचा आवाज निघतो. रियाझाला त्याची सोय आहे, तिला नावे ठेवू नयेत. पण वीणा गळ्यात घेणारा तरुण ती जुळवायला शिकतो, आणि जुळविता जुळविता ऐकायला शिकतो. वीणा माळ्यावर गेली की गावातला तो कान जातो. तो देणगीने परत विकत मिळत नाही.

तेव्हा देणगीदारांना आणि विश्वस्तांना नम्र विनंती, की नव्या मंदिरात वाद्यांसाठी एक जागा असावी: ओल नसलेल्या भिंतीला, ऊन आणि समईची धग न लागणारी. वाद्यांना कापडी खोळ असावी. सप्ताहानंतर तारा थोड्या सैल कराव्यात. आणि नवी वीणा घेण्याचा ठराव होण्यापूर्वी जुनी एकदा पारावर आणून, चारही तारा एकेक छेडून, शांतपणे ऐकावी. पुष्कळदा तिला वैद्य नको असतो, एक नवा दोरा हवा असतो. आणि वैद्य हवाच असला तर कानस गावात न उचलता तिला मिरजेची वाट दाखवावी.

देऊळ उभे राहिले. आता देवापुढे स्वरही शुद्ध उभा राहो. शुभं भवतु.