गुणधर्म कोणाचा?
(ग्रंथालयातील वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



इंग्रजीतील 'प्रॉपर्टी' हा शब्द आला की अनुवादकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. कायद्याच्या पुस्तकात तो मालमत्ता होतो आणि पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गुणधर्म. संगणकाच्या आज्ञावली बांधण्याच्या शास्त्रातही हा शब्द येतो. तेथे 'गुणधर्म' हाच पर्याय योग्य होय. परंतु मालमत्तेविषयी आपण जो प्रश्न प्रथम विचारतो, तो तेथेही विचारावाच लागतो. तो प्रश्न म्हणजे: हा कोणाचा? आज मला एवढ्याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम बांधणी म्हणजे काय ते पाहू. मनुष्य जी आज्ञावली लिहितो ती यंत्राला जशीच्या तशी समजत नाही. 'कम्पायलर' नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते आणि 'लिंकर' नावाची तिसरी आज्ञावली असे रूपांतरित तुकडे एकत्र जोडते. मोठ्या आज्ञावलीत अशा हजारो फाइली असतात. कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने, कोणत्या सूचनांसह रूपांतरित करावयाच्या, याची व्यवस्था पाहणारी ती बांधणी-प्रणाली. छापखान्याशी परिचय असणाऱ्यांना हे सहज समजेल. एका पानावर दुरुस्ती निघाली तर सारे पुस्तक पुन्हा छापीत नाहीत. तेवढा फर्मा छापून बांधणीला पाठवितात.

नेमक्या याच विचारातून १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' ही प्रणाली लिहिली. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ एका दोषाचा शोध घेण्यात वाया गेली होती. दोष वास्तविक आधीच दुरुस्त झालेला होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा रूपांतरित करावयाची तेवढी राहिली होती. मेक प्रत्येक फाइलीची वेळ पाहते. बनवावयाची वस्तू तिच्या मूळ साहित्यापेक्षा जुनी असेल, तर ती पुन्हा बनविली पाहिजे असे ठरविते. या बनवावयाच्या वस्तूला 'टार्गेट' म्हणतात. आपण तिला लक्ष्य म्हणू. या कार्यासाठी फेल्डमन यांना २००३ साली असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार मिळाला.

मेकने 'केव्हा बनवावे' हा प्रश्न सोडविला. 'कसे बनवावे' याच्या सूचना मात्र बहुधा साऱ्या फाइलींना मिळून एकाच ठिकाणी लिहिल्या जात. घर लहान असताना एकाच खुंटीला सर्वांचे कपडे टांगले तरी चालते. कुटुंब वाढले की कोणाचा सदरा कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम राहत नाही.

पुढे २००० सालच्या सुमारास किटवेअर या कंपनीत 'सी-मेक' ही प्रणाली तयार होऊ लागली. निमित्त होते वैद्यकीय प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या 'आयटीके' या संचाचे. त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे अर्थसाहाय्य होते. सी-मेकमध्येही आरंभी पुष्कळशा सूचना संपूर्ण फोल्डरला लागू होत. हळूहळू भर लक्ष्यावर आला. 'सेट टार्गेट प्रॉपर्टीज' या आज्ञेने एखाद्या लक्ष्याचे नाव घेऊन त्याचे गुणधर्म ठरविता येतात: तयार फाइलीचे नाव काय असावे, तिची आवृत्ती कोणती, सी-प्लस-प्लस भाषेचे कोणते मानक पाळावे, इत्यादी.

परंतु लक्ष्याचे नाव घेतले म्हणजे सारे झाले असे नव्हे. एक लक्ष्य पुष्कळदा दुसऱ्याच्या उपयोगासाठी असते. अशा सामायिक लक्ष्याला 'लायब्ररी' म्हणतात. तेव्हा प्रश्न उभा राहतो, की लायब्ररीला दिलेली सूचना तिच्यापुरतीच आहे की तिचा वापर करणाऱ्यांनाही बंधनकारक आहे? २०१३ सालच्या २.८.११ या आवृत्तीपासून सी-मेकमध्ये याचे उत्तर तीन शब्दांत देता येऊ लागले. 'प्रायव्हेट' म्हणजे स्वतःपुरता, 'इंटरफेस' म्हणजे केवळ वापरणाऱ्यांसाठी आणि 'पब्लिक' म्हणजे दोघांसाठी. या तीन शब्दांत काय साठलेले आहे, हे एका प्रत्यक्ष उदाहरणाने पाहू.

युनिक्स परंपरेतील संगणक १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून काळ सांगतात. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणांत ही संख्या ३२ बिटांत साठविली जाई. तिची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. त्यापुढच्या सेकंदाला अशा यंत्राचे घड्याळ उलटून डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. उपाय सरळ आहे: काळासाठी ६४ बिट द्यावेत. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नू सी लायब्ररीच्या २.३४ या आवृत्तीत ३२ बिटांच्या यंत्रणांसाठी ही सोय झाली. 'टाइम बिट्स' ही सूचना ६४ या मूल्यासह द्यावयाची. सोबत 'फाइल ऑफसेट बिट्स' ही सूचनाही ६४ असली पाहिजे.

आता समजा, एका लायब्ररीच्या नोंदीत आधी वेळ आणि तिच्यापुढे रक्कम असे दोन रकाने आहेत. लायब्ररी नव्या सूचनेसह बांधली. तिच्या दृष्टीने वेळ आठ बाइटांची. वापरणारी आज्ञावली सूचनेविना बांधली. तिच्या दृष्टीने वेळ चार बाइटांची. ती रक्कम वाचावयास जाते आणि वेळेच्याच उत्तरार्धात हात घालते. कम्पायलर काहीच बोलत नाही, कारण तो एका वेळी एकच फाइल पाहतो. सी भाषेतील लिंकर केवळ नावे जुळवितो आणि नावे तर जुळतात. आज्ञावली चालू लागते आणि चुकीचे आकडे देते. दोन्ही लेखकांचा एकही शब्द चुकलेला नसतो. चुकलेली असते ती सूचनेची व्याप्ती. येथे ती सूचना प्रायव्हेट ठेवणे हाच दोष होय. वेळ जर लायब्ररीच्या जाहीर नोंदीत दिसत असेल, तर सूचना पब्लिकच असली पाहिजे. मग सी-मेकद्वारा जो त्या लायब्ररीशी जोडला जाईल, त्याच्याकडे ती आपोआप जाईल.

ही चिंता केवळ पुस्तकी नाही. डेबियन या मुक्त प्रणालीने २०२४ साली ३२ बिटांच्या आर्म यंत्रणांसाठी हा बदल हाती घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत तो वाचकांच्या, म्हणजे वापरणाऱ्यांच्या हाती आला. बदलाची झळ पोचणाऱ्या लायब्ररींच्या संचांच्या नावापुढे त्यांना 'टी-६४' ही अक्षरे जोडावी लागली. जुने आणि नवे नकळत एकत्र नांदू नयेत, म्हणून गुणधर्म नावातच कोरावा लागला. इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणेला मात्र हेतुपूर्वक वगळले, कारण तेथे पूर्वी बांधलेल्या आज्ञावली चालत राहणे अधिक महत्त्वाचे मानले गेले.

गुणधर्म ठरविताना काही पथ्ये पाळावी लागतात. 'सेट' या आज्ञेने दिलेले मूल्य आधीचे मूल्य पुसून टाकते. भर घालावयाची असेल तर त्यासाठी वेगळ्या आज्ञा आहेत. पुष्कळ गुणधर्मांचे आरंभीचे मूल्य लक्ष्य निर्माण होते त्याच क्षणी निश्चित होते. नंतर सर्वसाधारण मूल्य बदलले तरी आधी निर्माण झालेल्या लक्ष्याला त्याचा लाभ होत नाही. आणि गुणधर्माच्या नावात एक अक्षर चुकले, तर सी-मेक तक्रार करीत नाही. त्या चुकीच्या नावाचा एक नवा गुणधर्म निमूटपणे मान्य करते. म्हणून ठरविलेले मूल्य पुन्हा वाचून पाहण्याची सवय चांगली.

यावर कोणी विचारील, की सर्वच गुणधर्म पब्लिक केले म्हणजे धोका उरणार नाही ना? तसे नाही. लायब्ररीच्या घरातली प्रत्येक शिस्त पाहुण्यांवर लादली, तर दोन लायब्ररींच्या शिस्ती वापरणाऱ्याच्या अंगणात भांडू लागतात. कठोर इशाऱ्यांनाही चूक मानण्याची सूचना एखादा लेखक स्वतःसाठी देतो. ती दुसऱ्याच्या संहितेवर लागू झाली, तर निर्दोष काम अडून बसते. जे दुसऱ्याला कळल्यावाचून त्याचे नुकसान होईल ते उघड सांगावे. जे केवळ आपल्या कामाच्या रीतीचे आहे ते आपल्यापाशी ठेवावे.

हा विवेक कोणतीही प्रणाली आपल्यासाठी करू शकत नाही. ती तीन शब्द पुरविते. त्यांपैकी कोणता लिहावयाचा ते लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. आज ज्या नोंदी आणि ज्या लायब्ररी बांधल्या जात आहेत, त्यांतील कित्येक २०३८ सालीही वापरात असतील आणि त्या वेळी त्यांचे लेखक उत्तर द्यावयास जवळ असतीलच असे नाही. त्यांच्या वतीने बोलेल ती बांधणीच्या फाइलीत लिहिलेली एक ओळ. गुणधर्म कोणाचा आणि कोणासाठी, हे त्या ओळीत स्पष्ट असावे, एवढेच आपणांस सांगून मी आपली रजा घेतो.