अवयव, आधार आणि नोंद

(पुणे येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकाच्या ज्या शाखेविषयी आज बोलावयाचे आहे, तिचे नाव 'भौतिक चिकित्सा व पुनर्वसन' असे आहे. नाव काहीसे बोजड असले, तरी काम समजण्यास सोपे आहे. शस्त्रक्रिया झाली, जखम भरून आली, रुग्ण घरी गेला, की रुग्णालयाचे काम बहुधा संपते. तो माणूस आता विहिरीवर जाऊ शकेल काय, एस. टी.ची पायरी चढू शकेल काय, पुन्हा आपली भाकरी मिळवू शकेल काय, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि तेथेच पुनर्वसन वैद्यकाचे कार्य सुरू होते. या क्षेत्रातील वैद्याला तीन विद्या अवगत असाव्या लागतात. यंत्रज्ञाची विद्या, शुश्रूषेची विद्या आणि नोंद ठेवण्याची विद्या. पहिल्या दोहोंचे आपण कौतुक करतो; तिसरीची उपेक्षा होते. वस्तुतः ही तिसरी विद्या अशी आहे, की जिच्यावाचून पहिल्या दोन्ही वाया जातात आणि जी तुमच्याआमच्या हाती आहे.

या कार्याशी पुणे शहराचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. ती पुढे खडकी येथे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी निघालेल्या या केंद्राचा लाभ पुढे नागरिकांनाही मिळू लागला. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीलाच पुनर्वसन केंद्र उभे राहिले. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हाच वारसा नागरी क्षेत्रात चालवीत आली आहे.

या प्रयत्नांमागील श्रद्धा कोणती, याचे उत्तर सांगली जिल्ह्याच्या एका सुपुत्राने दिले आहे. श्री. मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जखमी झाले. त्यानंतर ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. शरीराचा एक भाग निकामी झाला म्हणून माणूस निकामी होत नाही, हे तत्त्व यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोण सांगणार?

आता पहिल्या विद्येकडे, म्हणजे यंत्रज्ञाच्या विद्येकडे वळू. पाश्चात्त्य देशांत तयार झालेला कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनविलेला होता. त्याचा घोटा ताठ असे. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, जेवताना मांडी घालतो. त्याला तो पाय घेऊन काय करावयाचे? जयपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा प्रश्न ओळखला आणि रामचंद्र शर्मा या कुशल कारागिराच्या साहाय्याने १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय घडविला, की जो सर्व बाजूंनी लवतो, पाण्यात भिजला तरी बिघडत नाही आणि बुटाशिवाय वापरता येतो. वैद्य आणि कारागीर एका बाकावर बसले, म्हणूनच हे घडू शकले. १९८१ साली डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

पुण्यातील डॉ. के. एच. संचेती यांचे कार्यही याच जातीचे आहे. १९६५ साली त्यांनी लहानशा प्रमाणावर रुग्णालय सुरू केले. त्यातून अस्थिव्यंग व पुनर्वसन यांना वाहिलेली संस्था उभी राहिली. परदेशी कृत्रिम गुडघे तिकडच्या माणसांच्या हाडांच्या मापांवर बेतलेले असत. भारतीय गुडघ्याची ठेवण निराळी आणि खाली बसण्याउठण्याची आपली सवयही निराळी. हा फरक ध्यानी घेऊन त्यांनी 'इंडस' या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम गुडघा तयार केला. २०१२ साली त्यांना 'पद्मविभूषण' हा सन्मान मिळाला. या दोन्ही उदाहरणांत एक समान धागा दिसतो. यंत्र घडविण्यापूर्वी माणसाचे माप घेतले गेले आणि माप म्हणजे नोंदच होय.

दुसरी विद्या शुश्रूषेची. कृत्रिम पाय ही दुकानातून आणून घालावयाची वस्तू नाही. पाय कापल्यानंतर उरलेल्या भागावरची सूज पहिल्या काही महिन्यांत उतरते, स्नायू रोडावतात आणि त्याचा आकार बदलत जातो. ज्या खोबणीत तो भाग बसवावयाचा, ती आरंभी नेमकी बसली तरी पुढे सैल होते. सैल खोबण कातडी घासते, घासलेल्या जागी जखम होते आणि माणूस तो पाय काढून माळ्यावर टाकतो. मधुमेहामुळे पाय गमवावा लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर अशी जखम दुसऱ्या पायावरही बेतू शकते. म्हणून खोबण पुन्हा बसविणे, चालण्याचा सराव करून घेणे आणि घरच्या माणसांना समजावून सांगणे, हा सर्व उपचाराचाच भाग होय. वाढत्या वयाच्या मुलाला तर शरीर वाढेल तसा पाय वेळोवेळी बदलून द्यावा लागतो.

येथे तिसऱ्या विद्येचे महत्त्व प्रत्ययास येते. वेल्लोर येथे १९४६ पासून कुष्ठरुग्णांची सेवा करणारे डॉ. पॉल ब्रँड यांना एक कोडे पडले होते. रोग आटोक्यात आला, तरी रुग्णांची बोटे झडतच का जातात? त्यांनी आपल्या रुग्णांचे हातपाय नियमाने तपासण्यास आरंभ केला आणि प्रत्येक नव्या जखमेचे कारण शोधून काढले. कोणी तापलेले भांडे उचलले होते, कोणाची बोटे रात्री झोपेत उंदरांनी कुरतडली होती. संवेदना नसल्यामुळे त्यांना काहीच कळले नव्हते. बोटे रोगाने आपोआप झडत नव्हती. नकळत होणाऱ्या इजांनी ती नष्ट होत होती. शतकानुशतकांचा एक गैरसमज दूर झाला, तो दररोजच्या साध्या पाहणीमुळे.

दुसरे उदाहरण वाकड्या पावलांनी जन्मलेल्या बालकांचे घ्या. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्यास प्लास्टर बदलत गेल्यास बहुतेकांची पावले काही आठवड्यांत सरळ होतात. अनेकांना जोडीला एक छोटी शस्त्रक्रियाही पुरते. परंतु त्यानंतर मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री विशिष्ट बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले, की आईबाप ते बंद करतात आणि पाऊल पुन्हा वाकते. डॉक्टरांचे कौशल्य व सरकारचा खर्च दोन्ही पाण्यात जातात. कारण एकच, की त्या घरी 'बूट चालू आहेत ना?' असे विचारण्यास कोणी गेलेले नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. २०२२ साली राज्य शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. कायदा आहे, निधीची तरतूद आहे. मात्र शिबिरात किती अवयव वाटले, याची नोंद होते; वर्षभराने त्यांपैकी किती वापरात आहेत, हे विचारले जाईलच असे नाही. शिबिराच्या छायाचित्रात उभा असलेला माणूस पुढच्या पावसाळ्यातही उभा आहे काय, हा खरा हिशेब होय.

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे, की गावात एक साधी वही असावी. तीत अवयव किंवा साधन केव्हा व कोठून मिळाले, ते वापरात आहे काय, कोठे टोचते, दुरुस्ती केव्हा झाली आणि ती व्यक्ती कोणते काम करते, एवढेच लिहावे. दर सहा महिन्यांनी ती ताजी करावी. ५ टक्के निधीचा विचार करताना ही वही समोर असली, तर ज्याला खोबण बदलून हवी आहे, त्याच्या माथी नवी सायकल मारली जाणार नाही. अर्थात या वहीत माणसाचे दुःख लिहिलेले असते. ती जपून ठेवावी, चावडीवर वाचून दाखवू नये.

शिक्षकांनी मुलाच्या चालीकडे लक्ष द्यावे. काल धावणारे मूल आज लंगडू लागले, तर त्याचा पाय आखूड झाला असेल किंवा खोबण काचत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस आले, म्हणजे ही गोष्ट त्यांच्या कानी घालावी. अधिकाऱ्यांनी शिबिराच्या दिवशीच पुढील तपासणीची तारीख मुक्रर करावी व ती रुग्णाच्या हाती लेखी द्यावी.

अवयव कारखान्यात तयार होतो, तो बसविण्याचे कौशल्य पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांजवळ असते. परंतु तो पाय चालता राहतो तो गावात. तेथे तज्ज्ञ नेहमी पोहोचू शकत नाही, तुम्ही पोहोचू शकता. त्यासाठी कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही. वर्षातून दोनदा त्या माणसाच्या दारी जावे, त्याला चार पावले चालावयास सांगावे आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. उपचाराचा उरलेला भाग तेथून पूर्ण होतो.