अण्णाचं मीठ

(नागपुरात तरुणांच्या बैठकीत ‘परिंदा’ दाखवल्यावर केलेलं भाषण)



सिनेमा संपायच्या आतच मागून कोणीतरी शिट्टी मारली. अण्णाला. लाजायचं कारण नाही. नाना पाटेकरनं कामच असं केलंय. त्याला सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक याच सिनेमासाठी मिळालं, आणि रेणू सलुजाला संकलनाचं. पण शिट्टी मारणाऱ्या पोट्ट्याला मी विचारतो: काहून बाबा, या सिनेमात तू स्वतःला कुठं बसवलंस? अण्णाच्या खुर्चीवर? ती खुर्ची आपल्यासाठी नाही. आपल्यासाठी किशनची जागा राखून ठेवलेली आहे. त्याच जागेबद्दल मला आज बोलायचंय.

‘परिंदा’ १९८९ चा. विधु विनोद चोप्रा आज ‘ट्वेल्थ फेल’मुळं तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तो नाव कमवायला धडपडणारा दिग्दर्शक होता. गोष्ट साधी आहे. मुंबईच्या फुटपाथवर दोन अनाथ भाऊ. धाकट्या करणच्या पोटासाठी थोरला किशन अण्णाच्या टोळीत जातो. त्या पैशावर करण शिकतो, परदेशी जाऊन येतो. परत येतो तर इन्स्पेक्टर झालेला बालमित्र प्रकाश त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. मारणारे अण्णाचेच लोक. प्रकाशची बहीण पारो ही करणचं प्रेम. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मित्राचं रक्त.

आता नीट बघा. किशनची अण्णावर निष्ठा आहे, असं आपण सहज बोलून जातो. ती निष्ठा आहे का? भुकेल्या पोराला कोणीतरी भाकरी दिली आणि बदल्यात त्याचं सगळं आयुष्य लिहून घेतलं. याला आपल्या आज्याच्या गावात काय म्हणत? सालदारी! पाटलानं अडीनडीला चार पायल्या ज्वारी द्यायची आणि बाप-लेकानं वर्षानुवर्षं राबायचं. वर ऐकवायचं, खाल्ल्या मिठाला जाग. अण्णा म्हणजे पिस्तूलवाला पाटील. फरक इतकाच की पाटलाचा सालदार अंधारात मरतो आणि अण्णाच्या सालदारावर कॅमेरा असतो.

दिग्दर्शकाला हे अर्धं कळलंय. किशन सुटू शकत नाही, हे तो दाखवतो. पण ही पोरं फुटपाथवर आली कुठून, कोणत्या गावातून, कोणत्या जातीतून, यावर सिनेमा थांबत नाही. जणू गरिबी आभाळातून पडते. त्याच मुंबईत १९८२ साली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि हजारो घरांची चूल कायमची विझली. आपल्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ साली काढलेली एम्प्रेस मिल बंद पडली. आज तिथं मॉल आहे. ज्याच्या बापाचा मस्टरवर नंबर होता, तो पोरगा त्या मॉलबाहेर दुचाक्या लावून घेतो. अशा पोराला निवडणुकीत झेंडा, दहीहंडीत टी-शर्ट आणि राड्याच्या दिवशी काठी देणारा एक भाऊ भेटतोच. पोलीस केस मात्र पोराच्या नावावर लागते. भाऊच्या नाही.

दुसरी गोष्ट प्रेमाची. पारो काय करते? वाट पाहते, रडते, लग्न करते आणि लग्नाच्या रात्रीच नवऱ्यासोबत गोळ्यांनी मरते. भावांचा हिशेब पुरुषांनी मांडायचा, व्याज बाईनं भरायचं. अण्णाला आगीची दहशत का? त्यानं स्वतःची बायको आणि लेकरू जाळलंय म्हणून. शिट्टी मारताना ती बाई आठवली का कोणाला?

पडद्यावरचं सोडा. या शहरात कस्तुरबा नगरच्या बायांनी खराखुरा दादा भोगलाय. अक्कू यादव. वर्षानुवर्षं खंडणी, मारहाण, बलात्कार. तक्रारी गेल्या, दाद मिळाली नाही. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जमावानं त्याला संपवलं. वस्तीच्या बाया पुढं होऊन म्हणाल्या, आम्ही सगळ्यांनी मारलं, सगळ्यांना धरा. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. खून हा रस्ता आहे असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्या हातात संविधान दिलंय, सुरा नाही. पण त्या दिवशी कायद्याचं दार त्या बायांसाठी उघडं होतं का, हेही विचारायला लागेल. आणि एकमेकींना न सोडणं ही निष्ठा कोणाच्या मिठातून आली नव्हती.

शेवटी आपल्या गावचाच सिनेमा सांगतो. नागराज मंजुळेचा ‘झुंड’, २०२२. इथल्याच झोपडपट्टीतली पोरं, फुटबॉल आणि त्यातला एक, ज्याचं नावच वस्तीनं डॉन ठेवलंय. त्याला परदेशी खेळायला जायचंय आणि जुनी पोलीस केस पासपोर्टला आडवी येते. विमानतळाच्या तपासणीत त्याच्या खिशातलं हत्यार आडवं येतं. ते तो टाकून देतो आणि पुढं जातो. ‘परिंदा’तला किशन हेच करू शकला नाही, कारण त्याला पलीकडं बोलावणारं कोणी नव्हतं. डॉनला एक मास्तर होता, एक मैदान होतं, सोबत झुंड होती.

म्हणून दोस्तहो, वस्तीतला एखादा पोट्टा भाऊच्या गाडीवर मागं बसायला लागला की त्याला शिव्या देऊ नका. आपण त्याला काय दिलं, ते आधी मोजा. अभ्यासिका दिली? मैदान दिलं? केस लागली तेव्हा वकील घेऊन ठाण्यात कोण गेलं? भाऊ गेला असेल तर पोरगा भाऊचाच होणार. त्या रात्री ठाण्याच्या पायरीवर आपण उभं असलं पाहिजे.

जय भीम.