दाखला आणि पुरावा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी सातवी पास होताच शाळेतून काढण्यात आली. मी तिच्या घरी गेलो. वडील सज्जन गृहस्थ. चहा दिला आणि म्हणाले, "मास्तर, मिठाई उघड्यावर ठेवली की माश्या बसणारच. झाकून ठेवलेली बरी." हा दाखला त्यांनी एका वाजमध्ये ऐकला होता. मी बी.ए., बी.एड. झालेला, पण मला उत्तर सुचले नाही.

दाखल्यांना माझा विरोध नाही. कुरआन शरीफमध्ये कोळ्याच्या घराचा दाखला आहे. अल्लाहला सोडून शोधलेला आधार किती कच्चा असतो, हे त्यावरून लहान मुलालाही कळते. दाखला समजावतो. परंतु समजावणे वेगळे, सिद्ध करणे वेगळे.

आपल्या फकीहांनी हा फरक फार पूर्वी ओळखला. इमाम शाफई (इ. स. ७६७-८२०) यांनी 'रिसाला' ग्रंथात कियासचा विचार मांडला आहे. द्राक्षाची दारू हराम. ती नशा आणते. म्हणून नशा आणणारे दुसरे पेयही त्याच हुकुमात येते. दोहोंना जोडणारे हे जे मूळ कारण, त्याला 'इल्लत' म्हणतात. वरवरचे साम्य पुरत नाही. इब्न हज्मसारख्या विद्वानांना तर कियासही मान्य नव्हता, इतकी ही जोखमीची वाट.

साम्याने माणसे कशी फसतात पाहा. इ. स. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने रात्री काही लोक जमून कॉफी पिताना पाहिले. विद्वानांची सभा भरली आणि कॉफीवर बंदी आली. रात्र, मंडळी, फिरणारा पेला, सारे मद्यपानासारखेच! पण कॉफीने झोप उडते, शुद्ध जात नाही. बंदी टिकली नाही.

आता मिठाईकडे वळू. मिठाईला अक्कल नाही, ईमान नाही, तिला हिशेब द्यायचा नाही. मुलीला हे सारे आहे. आणि माशी? माशीला कोणी जाब विचारत नाही; पुरुषाला विचारला जाईल. सूरे नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. या दाखल्याने मुलीची मिठाई झाली, आणि आपण पुरुष माश्या होऊन मोकळे सुटलो! हजरत आयेशा यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या. ते ज्ञान झाकून ठेवले असते तर?

न्यायाने आमच्याकडचा दोषही सांगतो. आम्ही शिक्षक "शिक्षण म्हणजे दिवा" असे म्हणून टाळ्या घेतो. दिव्याने घरही पेटते, असे कोणी म्हटले तर? तेव्हा तोही पुरावा नव्हे. मुलीला औषधाच्या बाटलीवरचे वाचता येते, कागदावर सही करण्यापूर्वी तो समजतो, हे सांगावे; ते प्रत्येकाला पडताळता येते.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणी सुंदर दाखला देईल तेव्हा मान डोलावण्यापूर्वी एवढेच विचारा: यात इल्लत कोणती? दोन्ही गोष्टींत ती खरोखर आहे का?

ती मुलगी शाळेत परत आली नाही. मला उत्तर सुचले ते उशिरा. तुम्हाला ते वेळेवर सुचावे, म्हणून हे चार शब्द.