रडारच्या दोन तऱ्हा



शाळेपेक्षा मी कामगार चळवळीतच अधिक शिकलो, म्हणून साधेच सांगतो. विहिरीत हाक मारून गप्प राहावे, म्हणजे प्रतिध्वनी ऐकू येतो. स्पंद-रडार असेच रेडिओलहरींचा ठोका सोडून थांबते. दीडशे किलोमीटरवरील ढगाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परततो. या वेळेवरून अंतर निघते.

अखंड-लहरींचे रडार बोलता बोलताच ऐकते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या सुरात ऐकू येते ना? तसा परतलेल्या लहरींचा सूर चढला वा उतरला, की वेग कळतो. पण हाक केव्हा सुटली याची खूण नसल्याने अंतर कळत नाही. सूर ठरावीक रीतीने बदलत ठेवला, तरच ती खूण मिळते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढे मुंबईत कुलाब्याला डॉप्लर रडार आले. ते ठोके सोडते आणि सूरही तपासते. म्हणून पाऊस किती दूर आहे आणि जवळ येतो की लांब जातो, दोन्ही कळते. अशी अवकाळीची खबर ऊसतोड मजुराच्या कोपीपर्यंत वेळेत पोचली पाहिजे, ही माझी मागणी आहे. कारण आभाळ फुटले की पहिली भिजते ती कोपीच.