मुलाम्याची पारख

ठाणें जिल्ह्यांतील कामवारी नदीकांठचें भिवंडी शहर यंत्रमागांच्या खडखडाटानें सर्वपरिचित आहे. तेथील विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या लांबीवर ठरते. सूत तुटलें, माग थांबला, कीं मजुरीही थांबली. सूत मऊ खरें. परंतु अखंड घर्षणानें तें पोलादावरही चर पाडतें, आणि त्या चरांत अडकून स्वतः तुटतें. म्हणून सूत ज्यांवरून सरकतें अशा भागांवर पुष्कळदां क्रोमचा कठीण मुलामा देतात. हा मुलामा खरोखर कठीण आहे कीं नुसता चकचकीत, हें ओळखावें कसें?

कठीणपणा मोजण्याची व्हिकर्स पद्धति 1922 सालीं इंग्लंडांत स्मिथ व सँडलंड यांनीं मांडली. हिऱ्याचें चौबाजू निमुळतें टोक ठराविक वजनानें धातूवर दाबावयाचें, आणि उमटलेल्या खळीचे कर्ण सूक्ष्मदर्शकांतून मोजावयाचे. खळी लहान, तर धातु कठीण. जाड पोलादास ही रीत उत्तम. मुलाम्याच्या बाबतींत मात्र ती फसवूं शकते. उशीवर पापड ठेवून दाबला, तर पापड मोडून बोटास उशीचाच मऊपणा कळतो. फरशीवर अंथरलेली चादर दाबली, तर फरशीच हातास लागते. पोलादावरील क्रोमची गत पापडाची, पितळेवरील कल्हईची चादरीची.

समजा, क्रोमचा थर 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा, जाड आहे. 10 किलोग्रॅम वजनानें मऊ पोलादांत हिरा 50 मायक्रॉनांहून खोल उतरतो. तेथें या थराचा काय पाड? रूढ नियम असा कीं, खळीची खोली थराच्या दशांशाहून अधिक नसावी. येथें ती 1 मायक्रॉन, कर्ण 7 मायक्रॉन, आणि 900 व्हिकर्स कठीणपणाच्या क्रोमसाठीं वजन अवघें 24 ग्रॅम! कर्ण मोजतांना अर्ध्या मायक्रॉनची चूक झाली, तरी उत्तर सुमारें सातव्या हिश्शानें चुकतें.

1939 सालीं अमेरिकेंत नूप यांनीं लांबट हिरा योजला. त्याची खळी खोलीच्या तीसपट लांब उमटते, म्हणून मोजण्यास सोपी. 1992 सालीं ऑलिव्हर व फार यांनीं वजन आणि खोली यांच्या अखंड नोंदीवरूनच कठीणपणा काढण्याची रीत सुधारून दिली. खळी डोळ्यांनीं पाहण्याची गरजच उरली नाहीं.

मापाच्या कागदावर आंकड्याशेजारीं वजन व थराची जाडी नसेल, तर तो आंकडा मुलाम्याचा कीं खालच्या पोलादाचा, हें सांगतां येत नाहीं. चुकीच्या आंकड्याची किंमत मात्र मागापाशीं उभा असलेला विणकर, तुटलेलें सूत सांधीत, भरीत राहतो.